वल्हे धरणारा

शास्त्रपाठ : लूक ५:१-११, योहान २१:१-१४



रायपूरहून भिलाईकडे येताना कुम्हारी लागण्यापूर्वी रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही खारून नदी ओलांडतात. गाडीतील प्रवाशाला नदी क्षणभरच दिसते. कोणी खिडकीतून नाणे टाकतो, कोणी हात जोडतो, आणि कुम्हारीचे स्थानक येते. बालोद जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी उत्तरेकडे वाहत जाऊन सोमनाथजवळ शिवनाथेला मिळते व शिवनाथेबरोबर महानदीत जाते. तिच्या पाण्यावर सकाळच्या वेळी एखादा डोंगा दिसतो. डोंग्यात बहुधा दोघे केवट असतात. एक उभा राहून जाळे फेकतो. दुसरा मागे बसून बांबूच्या किंवा वल्ह्याच्या आधाराने डोंगा स्थिर ठेवतो. पुलावरून पाहणाऱ्याचे लक्ष जाळे फेकणाऱ्याकडे जाते, कारण हवेत उघडणारे जाळे पाहण्यासारखे असते. मागे बसलेल्याकडे कोणी पाहत नाही. तथापि त्याचा हात चुकला, तर जाळे पाण्यात पडण्याऐवजी जाळे फेकणाराच पाण्यात पडेल.

गालीलच्या कोळ्यांवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्यांतील बहुतेक जाळ्याविषयी असतात. जाळे खोल पाण्यात टाका, जाळे दुरुस्त करा, जाळे सोडून द्या. आज ह्या दुसऱ्या माणसाविषयी, वल्हे धरणाऱ्याविषयी, तुम्ही माझ्याबरोबर विचार करावा अशी विनंती आहे.

ह्या माणसाचे काम जेथे एक स्वतंत्र विद्या म्हणून वाढले आहे, त्या दूरच्या प्रदेशात आपणास थोडा वेळ जावे लागेल. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागात, आयडाहो, ऑरेगॉन, अलास्का ह्या प्रांतांत, निर्जन अरण्यांतून वाहणाऱ्या नद्या आहेत. त्यांत ट्राउट व सॅमन हे मासे आढळतात. (मुंबईच्या बाजारात रावसाला कोणी ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, परंतु रावस त्या कुळातील नव्हे.) हे मासे गळाने धरण्यासाठी लोक तेथे होडीतून प्रवाहाबरोबर कित्येक दिवस उतरत जातात. आयडाहोमधील सॅमन नदीची ‘मिडल फोर्क’ ही शाखा ह्यासाठी प्रसिद्ध आहे. १९६८ साली अमेरिकेने काही नद्या मुक्त वाहू द्याव्यात असा कायदा केला, तेव्हा संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांत ती होती. सुमारे १६० किलोमीटरचा हा जलप्रवास संपूर्ण अरण्यातून होतो. अलास्कात तर अनेक ठिकाणी रस्ताच नाही. पाण्यावर उतरणारे लहान विमान प्रवाशांना, रबरी तराफ्याला व शिध्याला उगमाजवळच्या तळ्यावर सोडून निघून जाते, आणि आठवड्याने खालच्या अंगाला पुन्हा येते. मधल्या दिवसांत परत फिरण्याची वाट नसते. प्रवाशांपाशी असते ती नदी, आणि ती नदी जाणणारा एक मार्गदर्शक.

ह्या मार्गदर्शकाची बसण्याची रीत लक्ष देऊन पाहा. साधारणपणे होडी वल्हवणारा जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो, कारण तसे बसले म्हणजे जोर अधिक लागतो. १८६९ साली मेजर जॉन वेस्ली पॉवेल कोलोरॅडो नदीच्या भीषण दऱ्यांतून उतरले, तेव्हा त्यांचे वल्हेकरी असेच पाठमोरे होते. समोर येणारा खडक त्यांना मान वळवूनच पाहावा लागे. पुढे १८९० च्या दशकात युटामधील नथॅनिएल गॅलोवे नावाच्या एका मनुष्याने ही रीत उलटवली. सापळे लावून लहान प्राणी धरणे हा त्याचा व्यवसाय. शाळेत शिकलेले शास्त्र त्याच्यापाशी नव्हते. तो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसू लागला आणि वल्ही मारू लागला ती प्रवाहाच्या उलट. नदी होडीला खाली नेतच होती. खाली नेण्यासाठी वल्ह्यांची गरजच नव्हती. वल्ही हवी होती ती वेग कमी करण्यासाठी. आजही ट्राउटच्या नद्यांवरील मार्गदर्शक ह्याच रीतीने बसतात. खडक दिसला की ते त्याच्याकडे पाठ फिरवीत नाहीत. होडीचे नाक किंचित तिरपे त्याच्याकडेच धरतात, डोळे त्याच्यावर ठेवतात, आणि उलट वल्हवीत त्याच्यापासून होडी दूर ओढतात. होडी प्रवाहापेक्षा मंद चालते, म्हणून पुढे बसलेल्याला प्रत्येक दगडामागच्या संथ पाण्यात, जेथे मासा विसावलेला असतो तेथे, गळ टाकण्यास अवसर मिळतो.

वाचकहो, आपल्या आयुष्याला वेग देण्यासाठी कोणाची गरज नाही. काळ आपणास नेतोच आहे. तरीही आपल्या प्रार्थना बहुतेक वेगासाठीच असतात. मुलाची नोकरी लवकर लागू दे. मुलीचे लग्न ह्या वर्षी जमू दे. बदलीचा हुकूम येऊ दे. आणि उत्तर येत नाही तेव्हा आपण समजतो की वल्ही थांबली आहेत. बेथानीच्या दोघी बहिणींना असेच वाटले असेल. भाऊ मरणाच्या दारात असताना त्यांनी निरोप पाठवला, आणि निरोप मिळाल्यावर प्रभू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला. योहानाने ही गोष्ट लपवली नाही. उलट, त्याचे त्या तिघा भावंडांवर प्रेम होते हे आधी सांगून मग दोन दिवसांचा विलंब सांगितला आहे (योहान ११:५, ६). काठावरून पाहणाऱ्याला मार्गदर्शकाची उलट वल्ही अशीच अनाकलनीय वाटतात: माणूस एवढा घाम गाळतो आहे, आणि होडी मात्र पाण्यावरच्या पाचोळ्यापेक्षाही हळू!

येथे दृष्टांत एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि तो जेथे अपुरा पडतो तेथेच शुभवर्तमान सुरू होते, असे मला वाटते. नदीवरचा मार्गदर्शक संकटाकडे तोंड करतो, ते त्यापासून दूर जाण्यासाठी. आपल्या प्रभूने यरुशलेमेकडे तोंड वळवले (लूक ९:५१), ते मात्र तेथे जाण्यासाठीच. बागेत शिपाई आले तेव्हा मी येथे आहे, ह्यांना जाऊ द्या, असे त्याने त्यांना सांगितले (योहान १८:८). होडीतील सर्वांना काठावर उतरवून तो एकटा त्या पाण्यात गेला. एवढे कोणत्याही नदीवर कोणी केलेले नाही.

आता त्या मार्गदर्शकाच्या हातांकडे पुन्हा पाहू. त्याच्या हाती गळाची काठी नसते. नदीतील प्रत्येक डोह, प्रत्येक दगड त्याला ठाऊक आहे. होडीतील सर्वांपेक्षा तो अधिक मासे धरू शकेल. पण प्रवाशांना नेत असताना चांगला मार्गदर्शक स्वतः गळ टाकीत नाही. ‘त्या बुडालेल्या ओंडक्याच्या डावीकडे, हातभर वर,’ एवढे तो सांगतो आणि होडी धरून राहतो. मासा लागतो तो प्रवाशाला. छायाचित्रात मासा घेऊन हसतो तो प्रवासी. संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकणे, चूल पेटवणे, सर्वांना वाढून शेवटी आपण जेवणे, ही कामे मार्गदर्शकाची. मिडल फोर्कवर तर चुलीची राख आणि माणसांची घाणसुद्धा डब्यांत भरून सोबत न्यावी लागते. नदीकाठी मागे काही ठेवू नये असा तेथील नियम आहे.

गनेसरत सरोवरावर त्या सकाळी काय घडले ते ह्या दृष्टीने वाचा. प्रभूने जाळ्याला हात लावला नाही. तो शिमोनाच्या होडीत बसला होता. कोठे टाकायचे एवढेच त्याने सांगितले. मासे शिमोनाच्या जाळ्यात आले, सोबत्यांना खूण शिमोनाने व त्याच्याबरोबरच्यांनी केली, भारही त्यांच्याच होड्यांनी सोसला. अरण्यातील प्रवाशाला मार्गदर्शकाचे ऐकणे सोपे आहे, कारण त्याला नदी ठाऊक नाही, आणि त्याने पैसेही मोजलेले असतात. शिमोनाचे तसे नव्हते. सरोवर त्याचे, धंदा त्याचा, रात्रभराचे जागरण त्याचे. आणि सांगणारा नासरेथचा सुतार. ज्या विषयात आपण अडाणी आहोत त्यात आपण देवाचे ऐकतो; ज्यात आपण तज्ज्ञ आहोत त्यात त्याला सहसा विचारीत नाही. हिशेबनीस हिशेबाबद्दल प्रार्थना करीत नाही, आणि पाळक प्रवचनाबद्दल.

पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या काठावर हेच चित्र अधिक उजळ होते. शिष्य रात्रभर श्रमून काठाशी येतात, तो कोळशांचा विस्तव पेटलेला, वर मासळी, बाजूला भाकर. त्याच्यापाशी मासळी आधीच होती! ती कोठून आली हे योहान सांगत नाही. शिष्यांच्या एकशे त्रेपन्न माशांवाचून न्याहारीचे काही अडले नव्हते. तरीही तुम्ही धरलेल्यांतूनही काही आणा, असे तो म्हणतो. गरज नसताना त्याने त्यांचा वाटा मागितला. घरी स्वयंपाक तयार असताना लहान मुलीने केलेली वेडीवाकडी पोळी बाप आधी ताटात घेतो, तसे हे आहे.

आमच्या छत्तीसगडात केवट समाजाला तुलसीदासांच्या रामचरितमानसातील केवटाचा अभिमान आहे. त्याने रामाला गंगापार नेण्याआधी त्याचे पाय धुतले आणि नंतर उतराई घेतली नाही. नावाडी पाहुण्याचे पाय धुतो हे आपल्या मनाला पटते. पण वरच्या माडीवर जे घडले ते पटवून घेणे पेत्राला जड गेले, कारण तेथे पाय होते कोळ्यांचे, आणि धुणारा होता प्रभू.

कोणी वाचक म्हणेल, हा तर श्रीमंतांचा खेळ. त्यात आमच्यासारख्यांनी काय शिकावे? आक्षेप खरा आहे. खारूनवरचा केवट छंदासाठी मासा धरीत नाही. त्याच्या जाळ्यातील रोहू-कटल्यावर घरची चूल अवलंबून असते. पेत्रही पोटासाठीच मासे धरीत होता. आपल्या देशातही कावेरीवर भीमेश्वरीच्या परिसरात टोपलीसारख्या गोल होड्यांतून महसीर माशासाठी गळ टाकण्याच्या सहली चालत. तेथे वल्हे धरीत ते आसपासच्या गावांतले लोक. पुढे अभयारण्यात हा खेळ बंद झाला. कुबड असलेल्या ज्या महसीरासाठी कावेरी जगात प्रसिद्ध होती, त्याची गणना २०१८ सालापासून अतिसंकटग्रस्त जातींत होते. तेव्हा खेळाचे गोडवे मला गायचे नाहीत. मात्र त्या खेळात कालांतराने एक नियम आला, तो आपल्या मंडळ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

मिडल फोर्कसारख्या नद्यांवर धरलेला ट्राउट ठेवून घेता येत नाही. तो जिवंत परत सोडावा लागतो. आणि सोडणे म्हणजे पाण्यात फेकून देणे नव्हे. गळाला काटेरी आकडी नसते, म्हणजे तो सहज निघतो. माशाला स्पर्श करण्यापूर्वी हात पाण्यात बुडवून ओले करायचे असतात, कारण माशाच्या अंगावर एक बुळबुळीत पातळ आवरण असते. कोरड्या हाताने ते निघून जाते आणि मासा पोहत गेला तरी पुढे रोग जडून मरू शकतो. मग त्याला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, हलक्या हाताने आधार द्यायचा. पाणी त्याच्या कल्ल्यांतून वाहू लागते. काही वेळ तो निपचित राहतो. मग शेपटीत जोर येतो, आणि तो आपण होऊन हातातून निघून जातो. केव्हा जायचे ते मासा ठरवतो, धरणारा नाही.

लूक ५:१० मध्ये प्रभूने शिमोनाला माणसांविषयी जे वचन दिले, त्यातील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ केवळ धरणे असा नाही. जिवंत धरणे, जीव वाचवून धरणे, असा तो अर्थ आहे. नव्या करारात हे क्रियापद दोनच ठिकाणी येते. दुसरे स्थळ २ तीमथ्य २:२६ हे आहे, आणि तेथे पाशात सापडलेल्यांची गोष्ट आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात यरीहोच्या राहाबेला यहोशवाने वाचवले, तेथेही हाच शब्द आहे (यहोशवा ६:२५). शिमोनाला ही बाब चमत्कारिक वाटली असेल. त्याने आजवर धरलेला प्रत्येक मासा होडीच्या तळाशी तडफडून मेला होता. आता जे धरायचे ते जगावे म्हणून धरायचे होते.

एक तरुण डोळ्यांपुढे आणा. भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९५९ साली पहिली भट्टी पेटली, त्या काळात विदर्भातून ह्या बाजूला आलेल्या कुटुंबांपैकी एखाद्या कुटुंबाची ही तिसरी पिढी समजा. आई वारल्यानंतर तो सहा महिने उपासनेला येतो. शेवटच्या बाकावर बसतो, शेवटचे गीत संपण्याआधी निघून जातो. मंडळीला आनंद होतो. पहिल्या महिन्यात त्याला साक्ष देण्यास उभे करतात. दुसऱ्या महिन्यात त्याला तरुण संघाचा चिटणीस करतात. वार्षिक अहवालात त्याचा आकडा येतो. त्याला पुण्यास नोकरी मिळते तेव्हा, येथली सेवा सोडून जाणे ही देवाची इच्छा आहे काय, असे एक वडील त्याला दारात उभा करून विचारतात. तो जातो, आणि पुण्यात तो कोणत्याही मंडळीत जात नाही. त्याचा विश्वास गेला, असे आपण म्हणतो. ज्या हातांनी त्याला धरले ते ओले होते काय, हे कोणी विचारीत नाही. आईसाठी त्याच्याबरोबर कोण रडले होते?

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्या आईबापांना मी काय सांगावे? ओढून आणा असे मला म्हणवत नाही, आणि सोडून द्या असेही नाही. हाताचा आधार काढून घेऊ नका. आणि मुठ मिटू नका. निपचित पडलेला मासा मेला असे समजून हात काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्याच्या शेपटीत जोर आला की घाबरून मूठ आवळणारेही तितकेच. पत्र लिहीत राहा, फोन करीत राहा, आणि प्रत्येक वेळी चर्चला गेला होतास का हाच प्रश्न पहिला विचारू नका. मिडल फोर्कमध्ये जन्मलेला सॅमन समुद्रात जातो. काही वर्षांनी हजार किलोमीटरहून अधिक प्रवाहाविरुद्ध चढून, वाटेतली आठ धरणे पार करून, पाण्याच्या वासाने आपला जन्माचा ओढा ओळखीत तो परत येतो. सगळे येत नाहीत; धरणे बांधल्यापासून तर फारच थोडे येतात. हे मी लपवू इच्छीत नाही. पण जे येतात त्यांना कोणी ओढून आणलेले नसते.

ह्याच लोहमार्गावरची एक गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. नागपूरहून येणारी गाडी कुम्हारीस पोहोचण्याआधी राजनांदगाव लागते. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असता डब्यात एक युरोपीय गृहस्थ त्यांच्याबरोबर होते. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, तो वाचण्याचा आग्रह केला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी मंडळीने त्यानंतर काय गायिले ते वाचकांना सांगावयास नको. पण त्या सहप्रवाशाकडे पाहा. कोठे गळ टाकायचा एवढे दाखवले, थोडा वेळ होडी धरली, आणि गाडी पुढे गेली.

अरण्यातील सफर संपते तेथे, म्हणतात, निरोपाचा समारंभ लहानच असतो. प्रवासी मऊ पडलेले पाय आपटीत गाडीत बसतात, कोणाला विमान गाठायचे असते. मार्गदर्शक तराफा धुतो, वल्ही बांधतो, ओले दोर गुंडाळतो आणि गाडीवर चढवून उगमाकडे निघतो. तेथे दुसऱ्या सकाळी काही माणसे सामानाशी उभी असतील. त्यांना ना नदी ठाऊक असेल, ना त्याचे नाव.